मागच्या दारावरचा कॅमेरा

फेन्ना एफ्टिंकच्या घराला दोन दारं. त्यातलं पुढचं दार नऊ वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याची, यानची, शवपेटी बाहेर काढताना उघडलं होतं, त्यानंतर नाही. यात नवल काही नाही. हॉलंडच्या पूर्वेला, ट्वेन्टेतल्या आमच्या वाडीवर पुढच्या दाराने नवरी आत येते आणि मढं बाहेर जातं. मधल्या काळात तिथली घंटा वाजवणारा माणूस परका असतो, आणि त्याला कोणी कॉफी विचारत नाही. बाकी सगळ्यांनी मागून यायचं, बूट काढायचे आणि हाक न मारता थेट स्वयंपाकघरात शिरायचं.

मागच्या दारावर सगळ्यात मोठा हक्क असतो पहिल्या शेजाऱ्याचा. पहिला शेजारी आपण निवडत नाही, तो घराबरोबरच येतो. गाय अडली की त्याला बोलवायचं, लग्नाची कमान त्याने बांधायची आणि शेवटी पेटीचा पुढचा दांडा त्यानेच खांद्यावर घ्यायचा. फेन्नाचा पहिला शेजारी बेरेंड लेन्फेरिंक. यानची पेटी त्यानेच उचलली होती. दोन घरांमध्ये बीचच्या झाडांचं कुंपण होतं, त्यात एक खिंडार होतं, आणि त्या खिंडारातून फेन्नाच्या दारापर्यंत बेरेंडच्या लाकडी बुटांनी चाळीस वर्षांत पायवाट पाडली होती. सकाळी सात वाजता फेन्नाच्या खिडकीचं शटर वर गेलं की नाही, हे बेरेंड आपल्या स्वयंपाकघरातून बघायचा. गेलं नाही तर तो येणार, असा अलिखित करार होता. एकट्या बाईला यापेक्षा मोठा विमा कुठली कंपनी देईल?

आता फेन्नाविषयी. शहात्तर वर्षांची, सडपातळ, ओठ कायम मिटलेले, आणि उघडले की समोरच्याने सावध व्हावं अशी बाई. तिला कोणाचं चांगलं सांगता येत नसे. पाद्र्याचं प्रवचन लांबट, डॉक्टरचे हात गार, सूनबाई नाही म्हणून मुलीवरच राग. मुलगी मार्लूस रॉटरडॅमला पळाली ती आईच्या जिभेला कंटाळून, असं वाडीत बोलतात, आणि वाडी अशा बाबतीत सहसा चुकत नाही. फेन्नाच्या कोंबड्या मात्र सुखात होत्या. अकरा कोंबड्या होत्या, आणि दिवसभरात गोड शब्द बोलायचा तर ती त्यांच्याशीच बोलायची.

ऑक्टोबरात खुराड्यातली अंडी नाहीशी व्हायला लागली. आज दोन, परवा तीन. कोंबड्या जागच्या जागी, पीस हललेलं नाही. फेन्नाने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी तिचा निकाल लागला. कोल्हा आला तर कोंबडी नेतो. फक्त अंडी नेतो तो माणूस. आणि कुंपणातल्या खिंडारातून येणारा माणूस एकच.

निकाल मनात ठेवला असता तरी चाललं असतं. पण त्याच सुमारास बेरेंड आणि रीकीच्या लग्नाला चाळीस वर्षं होत होती. अशा वेळी शेजारपाजारच्यांनी दारावर देवदारूच्या फांद्यांची कमान बांधायची आणि तिच्यात कागदी गुलाब खोवायचे, ही आमची रीत. गुलाब वळायला बायका बेरेंडच्या कोठारात जमल्या. रीकीने सगळ्यांसाठी अंड्याची दारू केली होती, दाट, पिवळीधमक, चमच्याने खायची. प्रत्येकीच्या पुढ्यात तिने वाटी ठेवली. फेन्नाने चमचा बुडवला, चाटला आणि म्हणाली,

"छान झालीय गं. घट्ट झालीय. कोंबडी एकही नाही तुझ्याकडे, आणि इतकी अंडी आली कुठून म्हणते मी?"

"दुकानातून," रीकी म्हणाली.

"असं होय. माझी कुठे जातात ते बघायला पाहिजे मग."

कोठारात कागद फाटल्याचा आवाज तेवढा झाला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. रीकीचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, आणि ती घरात निघून गेली ती परत बाहेर आलीच नाही. फेन्नाने मात्र आपल्या वाट्याचे वीस गुलाब पुरे केले आणि मगच उठली. काम अर्धवट टाकणं तिच्या स्वभावात नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी ती बसने ओल्डेनझालला गेली. तिथल्या अवजारांच्या दुकानात एल्को नावाचा पस्तिशीतला विक्रेता होता, गोल चेहऱ्याचा, गिऱ्हाइकाला आवडेल तेच बोलणारा.

"घराबाहेर लावायचा कॅमेरा दाखव," फेन्ना म्हणाली. "अंधारात दिसणारा."

एल्कोने तीन खोके काउंटरवर मांडले. "हा बघा. कोणी आलं की झगझगीत दिवा लागतो. चित्र रंगीत येतं, कपड्याचा रंगसुद्धा कळतो."

"दिवा लागला तर चोराला कळेल ना, आपण दिसलो म्हणून?"

"तेच तर हवं असतं, बाई. घाबरून पळतो."

"मला पळवायचा नाहीये. पकडायचाय."

एल्कोने तो खोका बाजूला केला. "मग हा. दिवा नाही, न दिसणारे किरण सोडतो. चित्र काळं-पांढरं, पण स्वच्छ. दहा मीटरपर्यंत."

"खुराडं अठरा मीटरवर आहे. मी पावलं मोजलीत."

"मग हा तिसरा. तीस मीटर. पाऊस, बर्फ, काही होत नाही. वायरवर चालतो, बॅटरीची भानगड नाही, थंडीत बॅटऱ्या मान टाकतात. आणि हा बोलतो."

"बोलतो म्हणजे?"

एल्कोने बटण दाबलं. खोक्यातून एका बाईचा आवाज आला. पश्चिमेकडच्या शहरातली बाई, तोंडात गरम बटाटा धरून बोलल्यासारखी: *तुमचं चित्रण होत आहे. कृपया हे आवार सोडून जा.*

फेन्नाच्या चेहऱ्यावर नऊ वर्षांत न दिसलेलं काहीतरी उमटलं. एल्कोला ते हसू वाटलं.

"आधी दिसू द्यायचं नाही आणि मग बोलायचं," ती म्हणाली. "हाच दे."

त्याने तिच्या फोनमध्ये सगळं लावून दिलं. विचारलं, "माणूस दिसला तरच फोन वाजवायचा, की जनावर दिसलं तरी? जनावरही ठेवा असं मी म्हणेन. आपल्याकडे मार्टेन फार झालेत."

"फक्त माणूस."

"कार्डावर तसं सगळंच साठतं म्हणा. आणि नजर किती रुंद ठेवू? शेजाऱ्याची जागा दिसता कामा नये, नियम आहे."

"कुंपणापर्यंत ठेव. कुंपण माझं आहे, आणि त्याचं खिंडारही."

"शेवटचं. तुम्ही फोन घेतला नाही तर दुसऱ्या कुणाला कळवायचं? बहुतेक जण पहिल्या शेजाऱ्याचा नंबर देतात."

फेन्नाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मान खाली घातली. मार्लूसचा नंबर देणं म्हणजे रोज रॉटरडॅमहून फुकटचा सल्ला. शेवटी तिने स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या जुन्या फोनचा नंबर दिला. म्हणजे तिने उचलला नाही तर तिलाच कळवायचं. एल्कोला हे खटकलं असणार, पण गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, हे त्याचं धोरण. अशी धोरणी माणसं बघितली की माझं डोकं फिरतं.

कॅमेरा मागच्या दाराच्या वर, वळचणीखाली बसला. दुपारी बेरेंड नेहमीसारखा पायवाटेने आला, कारण बायको रडते तरी शेजारी तो शेजारी, बोलून मिटवावं असं त्याने ठरवलं होतं. दाराशी पोचतो तोच डोक्यावरून बाई बोलली: *तुमचं चित्रण होत आहे. कृपया हे आवार सोडून जा.*

बेरेंड सहा फूट उंच, बोलायला मंद. त्याने वर पाहिलं, मग दारात उभ्या राहिलेल्या फेन्नाकडे पाहिलं.

"हे माझ्यासाठी लावलंस?"

"चोरासाठी लावलंय. तुला लागायचं काय कारण?"

"फेन्ना, मी यानला खांदा दिलाय या घरातून."

"दिलास. म्हणून काय अंडी तुझी झाली?"

बेरेंडने पुन्हा एकदा वर कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग तो हळूहळू, एकेक शब्द जोखत बोलला. "हे लटकतंय तोवर मी याच्याखाली पाऊल ठेवणार नाही. तू इथे मरून पडलीस तरी."

"नको ठेवूस."

तो वळला आणि गेला. आमच्या बाजूचा माणूस वर्षाला फार तर एक शपथ घेतो, पण घेतली की पाळतो.

तीन दिवसांनी पुन्हा दोन अंडी गेली, आणि रात्री फोन तर एकदाही वाजला नव्हता. फेन्नाने चष्मा लावला आणि कार्डावरचं सगळं चित्रण पहिल्यापासून बघायला घेतलं. दुपारच्या कॉफीच्या वेळेला चोर सापडला. लांबोडकं, मुंगसासारखं जनावर, गळ्याखाली पांढरा डाग, चकाकणारे डोळे. ते कौलांवरून उतरलं, खुराड्याच्या फटीतून आत गेलं आणि तोंडात अंडं धरून, न फोडता, बाळ न्यावं तसं घेऊन गेलं. मार्टेन. कोपऱ्यात तारीख होती, चौदा नोव्हेंबर. लेन्फेरिंकांच्या लग्नाचा वाढदिवस वीसला होता.

सहा दिवस हातात होते. कुंपणापर्यंतची पायवाट चाळीस पावलांची होती. फेन्नाने फट पत्रा ठोकून बुजवली, कॅमेरा तसाच ठेवला आणि तोंड बंद ठेवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली हे तिला कळत होतं, पण कबूल करायचं म्हणजे रीकीच्या दारात जाऊन उभं राहायचं. आधी बेरेंडने ती शपथ मागे घ्यावी, मग बघू, असं तिने स्वतःशी ठरवलं. वीस तारखेला कमानीखालून पाहुणे जाताना तिने खिडकीतून मोजले. जेवणाच्या टेबलाशी पहिल्या शेजाऱ्याची, म्हणजे फेन्नाची, खुर्ची रिकामी ठेवली होती, असं नंतर तिला कोणीतरी मुद्दाम येऊन सांगितलं.

मग कोणीच येईनासं झालं. पत्रांची पेटी पुढे आहे म्हणून पोस्टमन पुढूनच सटकायचा. मागच्या दाराने येणाऱ्या बायकांना डोक्यावरची बाई जा म्हणायची आणि त्या खरंच जायच्या. कॅमेरा अगदी चोख काम करत होता. डिसेंबरात पायवाटेवर गवत उगवलं.

जानेवारीतल्या एका सकाळी, साडेसहाला, अजून अंधार होता आणि जमीन काचेसारखी गोठली होती. शटर वर करण्याआधी फेन्ना कोंबड्यांचं पाणी बदलायला गेली. खुराड्याच्या कोपऱ्यावर तिचा पाय सटकला. कमरेत काहीतरी तुटल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला, आणि मग ती बर्फावर आडवी होती, एक बूट पायात, एक दूर.

*तुमचं चित्रण होत आहे,* बाई म्हणाली. *कृपया हे आवार सोडून जा.*

घरात टेबलावर तिचा फोन वाजला. माणूस दिसला होता ना. कोणी उचलत नाही म्हटल्यावर भिंतीवरचा फोन वाजायला लागला. नऊ घंटा. फेन्नाने मोजल्या. तिने हात हलवला की बाई पुन्हा तिला हाकलायची, आणि दोन्ही फोन पुन्हा क्रमाने वाजायचे.

पहिला अर्धा तास तिने कोणालाच हाक मारली नाही. कोणाला मारणार? एकच नाव होतं, आणि ते तिच्या तोंडातून निघेना. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. सात वाजून गेले, शटर बंदच होतं. मग बोटांची जाणीव गेली आणि तिला भीती वाटली. चांगलीच वाटली. तिने नाव घेतलं, एकदा, मग मोठ्याने, मग गळा फाटेपर्यंत.

किती वेळ गेला कळलं नाही. कुंपणाकडे तिची पाठ होती. मग बर्फ कुरकुरला आणि बाई किंचाळली: *कृपया हे आवार सोडून जा.*

"आलास?" फेन्ना मान न वळवता म्हणाली. "लवकर आलास."

"ही बाई म्हणतेय, निघून जा."

"तिचं काय ऐकतोस! डबा आहे तो!"

"डबा तुझाच आहे ना?" बेरेंड म्हणाला. त्याने आपला जाड कोट काढला, तिच्या अंगावर टाकला, कडा नीट खोचल्या. मग दाराशी गेला, डोक्यावरची टोपी काढली आणि हात उंच करून कॅमेऱ्यावर घातली. बाईचा आवाज लोकरीत घुसमटला. फोन करून त्याने रुग्णवाहिका बोलावली, आणि गाडी येईपर्यंत तो तिच्या शेजारी उलट्या बादलीवर बसून होता.

फेन्ना मार्चमध्ये घरी आली, खुब्यात नवा सांधा आणि हातात चार पायांची काठी घेऊन. मार्लूस दोन दिवस राहिली. आईच्या सांगण्यावरून तिने कॅमेरा उतरवला, आणि "निदान हे तरी बघ" म्हणून कार्डावरचं त्या सकाळचं चित्रण फोनमध्ये घालून दिलं.

फेन्नाने ते एकटीने बघितलं. स्वतःला पडताना बघितलं. मग सात वाजून एकोणतीस मिनिटांनी चित्राच्या कडेला, कुंपणाच्या खिंडारात, एक उंच माणूस येऊन उभा राहिला. त्याचं तोंड सरळ तिच्याकडे होतं. तिचा हात हलताना त्याला दिसत होता. तिच्या हाका चित्रणात स्वच्छ ऐकू येत होत्या, आणि तो उभा होता. एकदा त्याने पाय पुढे टाकला आणि परत घेतला. एकदा पाठ फिरवून दोन पावलं गेला. सात चाळीसला तो आत आला. शेवटचं चित्र टोपीच्या अस्तराचं होतं.

अकरा मिनिटं. फेन्नाने पुन्हा मोजली, तेवढीच निघाली. तिला राग यायला हवा होता. तिने तो जवळजवळ आणलाही. पण ती स्वतःला ओळखत होती. खिंडारात ती असती आणि बर्फावर बेरेंड, तर तिने वीस मिनिटं घेतली असती. कदाचित शटर बंद बघून ती घराबाहेरच पडली नसती.

तिने बेरेंडला निरोप पाठवला. कॅमेरा नाही हे बघून तो मागच्या दाराने आला, बूट काढले आणि नेहमीच्या खुर्चीवर बसला. चार महिन्यांत पहिल्यांदा. फेन्नाने त्याच्यापुढे कॉफी आणि एक बिस्किट ठेवलं. डबा बंद केला, कारण आमच्याकडे एकच द्यायचं असतं.

"अकरा मिनिटं उभा होतास," ती म्हणाली.

बेरेंडने बिस्किट कॉफीत बुडवलं. "अकराच? मला जास्त वाटली."

"मी ओरडत होते."

"ऐकत होतो."

"मग?"

"शपथ होती. तुटता तुटत नव्हती. रोज आठवतात मला ती मिनिटं. रीकीला सांगितलेलं नाही."

आता इथे फेन्नाने गप्प बसायला हवं होतं. माणूस आला होता, बसला होता, स्वतःचं वजन उतरवून मोकळा होत होता. पण तिला हिशेब सरळ करायचा होता. त्याचा एक गुन्हा, आपला एक, फिट्टंफाट. तिने फोन त्याच्यासमोर सरकवला.

"हे बघ. अंड्यांचा चोर."

बेरेंडने ते जनावर कौलांवरून उतरताना बघितलं, अंडं नेताना बघितलं. त्याच्या तोंडाचा कोपरा हसायला हललाही. मग त्याचं जाड बोट काचेवर कोपऱ्यात टेकलं.

"चौदा नोव्हेंबर."

"हो."

"आमचं वीसला होतं."

"माहीत आहे मला."

"म्हणजे त्या दिवशी तुला ठाऊक होतं."

"सांगणारच होते. तू शपथ मागे घेशील म्हणून थांबले होते."

"रीकीने सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या," बेरेंड म्हणाला. "पाहुणे येण्याआधी. एकेक करून. म्हणाली, पिवळं बघितलं की मला चोरट्यासारखं वाटतं. खुर्ची मात्र तिनेच ठेवली होती तुझी. मी नको म्हणत होतो."

"म्हणून तर दाखवलं ना आता! लपवलं असतं तर तुला कळलं असतं का?"

तो उठला. बिस्किट अर्धं राहिलं होतं. दाराशी जाऊन त्याने आपले बूट हातात घेतले, पण पायात घातले नाहीत. मोजे घातलेल्या पायांनी तो स्वयंपाकघरातून बोळात गेला आणि बोळातून पुढच्या दाराशी. फेन्ना काठी टेकत मागे आली.

"तिकडे कुठे चाललास? बेरेंड! ते दार उघडत नाही."

कडी गंजली होती. त्याने खांदा लावला, दोनदा हिसका दिला, तेव्हा ती करकरत मागे सरली. नऊ वर्षांची धूळ चौकटीवरून पडली. उंबऱ्यावर बसून त्याने बूट चढवले. मग उभा राहून तो म्हणाला, आवाज न चढवता,

"मला माझं काम ठाऊक आहे, फेन्ना. पहिला शेजारी मीच आहे. पुढच्या खेपेला येईन तो याच दाराने."

तिला काय म्हणायचं होतं देव जाणे. तोंडातून निघालं ते असं: "ये. कडीला तेल घालून ठेवते."

दुसऱ्या दिवशी सातला तिने शटर वर केलं. पलीकडे बेरेंडच्या स्वयंपाकघरात दिवा होता आणि खिडकीत त्याची आकृती होती. शटर वर गेल्यावर ती हलली. फेन्ना तिथून बोळात गेली, शिवणयंत्राची तेलाची कुपी घेऊन, आणि पुढच्या दाराची कडी सहज सरकेपर्यंत तेल घालत राहिली.